निरिच्छ नायिका

दूरचित्रवाणीवरील मालिकांची चर्चा साहित्याला वाहिलेल्या पानांवर कशाला, असे काही वाचक विचारतील. परंतु ज्या घरी वर्षाकाठी एक कादंबरी येत नाही, त्या घरीही आठवड्याचे पाच-सहा दिवस रोज अर्धा तास एक दीर्घ कथा पाहिली जाते. सायंकाळची रोझरी आटोपली की आजीपासून नातीपर्यंत तीन पिढ्या त्या कथेपुढे बसतात. पत्नीने कसे वागावे, प्रेम कोणी कोणावर करावे, 'चांगल्या घरातली' बाई कशी ओळखावी, ह्याचे धडे तेथे नकळत गिरवले जातात. म्हणूनच ह्या कथांतील स्त्रीच्या लैंगिकतेचे आणि नातेसंबंधांचे चित्रण आम्ही येथे तपासू इच्छितो.

प्रारंभीच एक गोष्ट स्पष्ट करतो. मालिकांवर अश्लीलतेचा ठपका ठेवण्याचा आमचा हेतू नाही. मराठी मालिका त्या बाबतीत चांगल्याच सोवळ्या आहेत. आमचा आक्षेप आहे तो त्या सोवळेपणाच्या मुळाशी असलेल्या समजुतीवर. चांगल्या स्त्रीला इच्छा नसते आणि जिला इच्छा असते ती चांगली नसते, अशी ही समजूत होय. मालिकेची नायिका सोशिक, त्यागी, अष्टौप्रहर कामाला जुंपलेली असते. मनाने आणि देहाने मात्र निरिच्छ. इच्छेचा सगळा वाटा 'दुसरी'च्या पदरात टाकला जातो.

असे नेहमीच नव्हते. १९९० नंतरच्या दशकात उपग्रह वाहिन्या नव्या होत्या आणि लेखकांना नवे काही करून पाहण्यास वाव होता. झी टीव्हीवरील 'हसरतें' ही हिंदी मालिका जयवंत दळवी यांच्या 'अधांतरी' ह्या मराठी कादंबरीवर आधारलेली होती. एका विवाहित पुरुषाशी जडलेले सावीचे नाते तिने दाखवले, पण त्यापायी सावीला खलनायिका केले नाही. १९९८ साली स्टार प्लसवर आलेल्या 'सांस'चे लेखन व दिग्दर्शन नीना गुप्ता यांनी केले आणि प्रियाची मुख्य भूमिकाही त्यांनीच साकारली. प्रियाचा पती गौतम मनीषा नावाच्या स्त्रीकडे ओढला जातो. कथानकात नावीन्य नव्हते. नावीन्य मांडणीत होते. संसार मोडण्यापूर्वी तो किती जिव्हाळ्याचा आणि जवळिकीचा होता, हे मालिकेने आधी दाखवले. त्यामुळे प्रियाचे दुःख प्रतिष्ठा गेल्याच्या दुःखापेक्षा खोल होते. तिचा जिवलग सोबती दुरावला होता. १९९९ साली अल्फा मराठीवर सुरू झालेल्या 'आभाळमाया'तील सुधा जोशीही पतीच्या विवाहबाह्य संबंधाला सामोरी गेली. तिचा संताप आणि तिची ओढाताण एका शिकल्यासवरल्या, प्रौढ स्त्रीची होती.

२००० साली 'क्योंकि सास भी कभी बहू थी' सुरू झाली आणि मालिकांचा मोहरा फिरला. पतीला परस्त्रीपासून झालेल्या मुलाला पोटाशी धरणारी तुलसी हा आदर्श ठरला. ह्या मालिकेला एक श्रेय मात्र दिलेच पाहिजे. अंश ह्या आपल्याच मुलाने पत्नी नंदिनीवर केलेली बळजबरी हा अपराध आहे, अशी भूमिका तुलसीने घेतली. १ जुलै २०२४ रोजी लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेतही अठरा वर्षे पूर्ण झालेल्या पत्नीवरील पतीची बळजबरी बलात्काराच्या व्याख्येबाहेर ठेवलेली आहे. हे ध्यानी घेता त्या भूमिकेचे मोल कळते. परंतु प्रेक्षकांच्या स्मरणात राहिली ती मुलाला शासन करणारी आई. पत्नीच्या 'नको'चा प्रश्न त्या नाट्यामागे झाकला गेला. आणि ज्या कथेत पत्नीला 'हवे' म्हणण्याची मुभा नाही, तेथे तिच्या 'नको'लाही वजन येत नाही, असे आम्हांस वाटते.

ह्या समजुतीचा ठळक नमुना म्हणजे झी मराठीवर २०१६ ते २०२१ अशी साडेचार वर्षे चाललेली 'माझ्या नवऱ्याची बायको'. राधिका नागपूरची, वऱ्हाडी बोलणारी, सुगरण, सासू-सासऱ्यांची लाडकी. तिचा पती गुरुनाथ शनायाच्या नादी लागतो. शनाया तोकडे कपडे घालते, खरेदीवर पैसा उधळते आणि तिला स्वयंपाक येत नाही. दोघींचा सामना असा बेतला आहे की न्याय आधीच झालेला असतो. राधिका मसाल्यांचा व्यवसाय उभारते, तेव्हा प्रेक्षकांबरोबर आम्हीही सुखावलो. स्त्रीने स्वतःच्या पायावर उभे राहावे हे कोणाला आवडणार नाही? पण राधिकेचे गुरुनाथवर प्रेम होते काय, त्याच्या सहवासाची तिला ओढ होती काय, रात्री तिला एकटे वाटत होते काय, ह्यांविषयी मालिका जवळजवळ मौन पाळते. तिचा लढा हक्काचा आहे, पतीला धडा शिकवण्याचा आहे. दोन स्त्रियांच्या ह्या झुंजीत गुरुनाथ तर चुकार पोरासारखा वावरतो. पापाचा जाब दुसरीला, सहनशीलतेची परीक्षा पहिलीला, आणि ज्याने वचन मोडले तो विनोदाचा विषय!

शनाया हे नाव कानाला परके वाटावे असे आहे, आणि ख्रिस्ती वाचकांनी येथे थोडे थांबावे. इच्छा परकीच्या अंगावर टाकण्याची ही युक्ती जुनीच आहे. एके काळी हिंदी पडद्यावर हे काम आपल्या समाजातील मुलींकडे असे. कॅबरे नाचणारी हमखास ख्रिस्ती नावाची. १९७५ सालच्या 'जूली'त विवाहापूर्वी माता होणारी नायिका अँग्लो-इंडियन. १९७३ सालच्या 'बॉबी'तील ब्रागांझांची कन्या निर्मळ मनाची, पण तोकड्या कपड्यांतली मोकळीक तिच्या वाट्याला आली ती ख्रिस्ती म्हणूनच. वसईच्या आमच्या आज्या जन्मभर लुगड्यात वावरल्या, शेतात राबल्या. पडद्याला त्या कधी दिसल्याच नाहीत. आज मालिकेत फ्रॉकऐवजी पाश्चात्त्य पेहराव आला आणि रोझीच्या जागी शनाया आली; साचा तोच राहिला. ज्यांना त्या साच्याचा जाच ठाऊक आहे, त्यांनी तो दुसऱ्या कोणावर बसवलेला पाहून टाळ्या वाजवाव्यात, हे आम्हांस रुचत नाही.

पुढच्या काही मालिकांनी ही चौकट थोडी सैल केली, हे नमूद केले पाहिजे. २०१९ साली सुरू झालेल्या 'अग्गंबाई सासूबाई'त विधवा आसावरी प्रौढ वयात अभिजीत राजे ह्या शेफशी विवाह करते. तिच्या सुनेने, शुभ्राने, त्यासाठी पुढाकार घ्यावा ही कल्पना सुंदरच होती. मराठी घरात सासूच्या सुखासाठी सून उभी राहिली! तरीही पाहा, आसावरीला आपली आवड स्वतःच्या तोंडाने सांगता येत नाही. तिची वकिली सुनेने करायची. त्या दोघांचे प्रेम पानात वाढलेल्या पदार्थांतून व्यक्त होते. ते गोड आहे, पण सुगरणपणाच्या आडोशाशिवाय मध्यमवयीन स्त्रीचे प्रेम दाखवण्यास मालिका धजावत नाही.

स्टार प्रवाहवरील 'आई कुठे काय करते' (२०१९-२०२४) ही बंगाली 'श्रीमयी'वर आधारलेली मालिका. पंचवीस वर्षे संसार ओढलेली अरुंधती पतीचा, अनिरुद्धचा, संजनाशी असलेला संबंध कळल्यावर हळूहळू स्वतःला सापडत जाते. तिचे गाणे परत येते, कॉलेजातला मित्र आशुतोष परत येतो, दोघांचा विवाह होतो. आणि मग कथेत आशुतोषचा मृत्यू घडवला जातो. लांबलेल्या कथेला नवे वळण हवे असते, हे आम्ही जाणतो. पण अनेक वळणांतून नेमके हेच निवडले गेले. नायिकेला सुख दिले, तर ते फार काळ तिच्या हाती राहू नये, असा हा अलिखित नियम दिसतो. दुःखी अरुंधती पुन्हा सर्वांची आई होते, आणि मालिकेच्या शीर्षकाशी इमान राखले जाते.

ह्यात धंद्याचे गणितही आहे. जाहिराती वजा जाता वीस-बावीस मिनिटांचा भाग रोज भरायचा, तर सुखी दांपत्याला त्यात जागा कोठून मिळणार? कट, गैरसमज, थपडा आणि पाणावलेले डोळे ह्यांवर आठवडे ढकलता येतात. प्रत्येक मालिकेत सजवलेली शयनगृहे असतात, पण नवरा-बायको तेथे बसून सासू-नणंदांच्या कारस्थानांचीच चर्चा करतात. दमून आलेल्या पत्नीला जवळ घेणारा पती आणि आपले मन उघडे करणारी पत्नी हे दृश्य क्वचितच दिसते.

ह्या साऱ्याचा परिणाम पडद्यापुरता राहत नाही. इच्छा म्हणजे दुसरीचे दुर्गुण, हे लहानपणापासून पाहिलेली मुलगी पुढे स्वतःच्या मनाला घाबरते; विवाहात काही खटकले, काही हवेसे वाटले, तर ते बोलायला तिच्यापाशी शब्द नसतात. तेच पाहिलेला मुलगा पत्नीचे मौन म्हणजे शील समजतो. आपल्या बायबलमध्ये 'गीतरत्न' आहे, आणि त्यात सर्वप्रथम बोलते ती प्रेयसी, हे आपण कितीदा आठवतो? विवाहपूर्व मार्गदर्शन शिबिरांना येणारी जोडपी सोबत मालिकांची शिकवणही घेऊन येतात; ती तेथे उघडपणे चर्चेला घ्यावी, असे आम्ही सुचवतो.

मालिका बंद करा, असे आमचे म्हणणे नाही. दिवसभराच्या कष्टांनंतर अर्धा तास विरंगुळा कोणाला नको असतो? मात्र पाहताना आई-मुलींनी, आणि बाप-लेकांनीही, एकमेकांना एक साधा प्रश्न विचारावा : ह्या नायिकेला स्वतःला काय हवे आहे? उत्तर सापडले नाही, तर दोष तिचा नव्हे, लेखकाचा आहे, हे मुलांना समजावून सांगावे. आणि मग तोच प्रश्न घरातल्या बाईलाही विचारावा.