‘तुंबाड’ : गूढविद्या आणि वारसा

व्हिक्टोरियन इंग्लंडमधील प्रेतसंवादाच्या बैठकांमागे मृतांचा शब्द ऐकण्याची आस होती. राही अनिल बर्वे दिग्दर्शित ‘तुंबाड’ (२०१८) या हिंदी चित्रपटातील गूढविद्येमागे मात्र केवळ धनाची आस आहे. १९१८ ते १९४७ या कालपटावर विनायक पिठाच्या बाहुलीने हस्तरला भुलवून सुवर्णमुद्रा मिळवतो. गर्भातील त्या भयाचा क्रमशः नित्याचा व्यवसाय होतो आणि पिता तो पुत्राला शिकवतो. आरंभीच्या निवेदनात हस्तरची कथा उलगडून सांगितल्याने गूढता काहीशी उणावते, हे मान्य करावे लागते. तथापि, अखेरीस पांडुरंग पित्याने पुढे केलेले धन नाकारतो, तेव्हा चित्रपटाचा आशय स्पष्ट होतो : खरा शाप हस्तरचा नसून वारशाचा आहे, आणि त्यावरील उतारा मंत्रात नव्हे, नकारात आहे.