रमाबाईंच्या अटी

‘बोलणी’ हा शब्द मराठीत बाईच्या वाट्याला दोन प्रकारे येतो. लग्नाची बोलणी तिच्या वतीने इतरांनी करायची असतात आणि चूक झाली की बोलणी तिने एकटीने खायची असतात. कामाच्या मोबदल्याची, अटींची बोलणी बाईने स्वतः करावीत, हे आपल्या भाषेत अजून रुळलेले नाही. पंडिता रमाबाईंवर (१८५८–१९२२) मराठीत पुष्कळ लिहिले गेले. पण धर्मांतर आणि समाजसुधारणा या दोन विषयांच्या गर्दीत त्यांच्या लेखनातली ही कामाची बोलणी मागे पडली. प्रस्तुत लेखात तेवढ्याच अंगाने त्यांच्याकडे पाहायचे आहे.

पहिला पुरावा १८८२ चा. हंटर आयोगापुढे रमाबाईंनी पुण्यात साक्ष दिली. वय चोवीस, त्याच वर्षी पती वारलेले, पदरात लहान मुलगी. साक्ष मराठीत होती. हंटर यांनी ती भाषांतरित करवून स्वतंत्रपणे छापली आणि पुढे ‘द हाय-कास्ट हिंदू वुमन’ (१८८७) या पुस्तकाच्या रेचेल बॉडली यांनी लिहिलेल्या प्रस्तावनेतून ती जगभर गेली. या साक्षीची रचना पाहण्यासारखी आहे. रमाबाई आधी आपला अधिकार सांगतात: स्त्रीशिक्षणाचा पुरस्कार केल्याबद्दल ज्याने हाल सोसले, त्या बापाची मी मुलगी. क्षमायाचना नाही, ‘लहान तोंडी मोठा घास’ नाही. मग मागणी येते, तीही नेमकी. शिक्षिकांना खास प्रशिक्षण द्यावे, चांगल्या शिष्यवृत्त्या द्याव्यात आणि मुलींना शिकवणाऱ्यांना मुलांना शिकवणाऱ्यांपेक्षा जास्त पगार द्यावा. समान नव्हे, जास्त! समान वेतनाचा कायदा आपल्याकडे १९७६ मध्ये झाला, म्हणजे या साक्षीनंतर ९४ वर्षांनी.

याच साक्षीतला तपासनिसांचा मुद्दा मला सर्वांत मोलाचा वाटतो. पुरुष तपासनीस शाळेत आला की बायका-मुली घाबरतात, त्यांच्या तोंडून शब्द फुटत नाही, असे रमाबाई सांगतात. यावर त्यांचा उपाय काय? मुलींना धीट करा, असे त्या म्हणत नाहीत. तपासनीस बाई नेमा, म्हणतात. आज नोकरदार स्त्रियांसाठी होणाऱ्या शिबिरांतला बहुतेक उपदेश ‘न घाबरता बोला’ एवढ्यावर येऊन थांबतो. गप्प बसणे हा बोलणारीचा दोष ठरतो आणि समोरची खुर्ची जागची हलत नाही. रमाबाईंनी बोट त्या खुर्चीकडे दाखवले.

दुसरा पुरावा इंग्लंडमधला. चेल्टनहॅम लेडीज कॉलेजात त्या स्वतः शिकत होत्या आणि संस्कृत शिकवतही होत्या. १८८५ मध्ये पुरुष विद्यार्थ्यांना त्यांनी शिकवावे की नाही, यावरून वाद उठला आणि हिंदुस्थानातल्या बिशपांचे मत घेण्यात आले. प्राचार्य डोरोथिया बील यांना लिहिताना रमाबाई शालीनतेच्या चर्चेत उतरतच नाहीत. त्या घरचा दाखला देतात: आईने आणि मी तरुणांना शिकवण्यास माझ्या वडिलांनी वा पतीने हरकत घेतली नाही, मग इंग्रजांनी का घ्यावी? ‘तुमच्या देशातली रीत’ सांगून अडवू पाहणाऱ्यांना त्याच देशातल्या रीतीने गप्प करणे, ही बोलण्यांतली पक्की समज आहे. या वादाआड त्यांचा खरा प्रश्न उभा राहतो, तो म्हणजे माझ्या कामाबद्दल निर्णय घेण्याचा अधिकार कोणाचा.

हा पत्रव्यवहार १९७७ मध्ये अ. भि. शहा यांच्या संपादनाखाली राज्य साहित्य संस्कृती मंडळाने प्रसिद्ध केला. त्याचे संकलन मात्र सिस्टर जेराल्डिन यांचे आहे. म्हणजे ज्यांच्याशी रमाबाईंची ओढाताण चालली होती, त्यांचेच. फाइल मालकाने जपावी आणि तीत नोकराची बाजू इतकी ठळक राहावी, हे त्या पत्रांचे सामर्थ्य समजावे.

तिसरा पुरावा १८८९ मध्ये सुरू झालेल्या शारदा सदनाचा. अमेरिकेतल्या संघाने १० वर्षे पैसा पुरवण्याचे कबूल केले, अट धार्मिक तटस्थतेची. रमाबाईंनी ती पाळली, पण आपल्या खोलीत, दार उघडे ठेवून, प्रार्थना करण्याचा हक्क सोडला नाही. त्या उघड्या दारापायी १८९३ मध्ये रानडे आणि भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले. ही बोलणी रमाबाईंना महाग पडली. मुली काढून नेलेल्या पालकांच्या बाजूने पाहिले तर, दार उघडे ठेवणे ही तटस्थता होती का, हा प्रश्नही गैर म्हणता येत नाही.

आता माझ्या परिसराकडे येते. शिरूरहून न्हावऱ्यामार्गे निघून भीमा ओलांडली की दौंड तालुका लागतो आणि पुढे केडगाव. १८९६-९७ च्या दुष्काळातल्या निराधार बायका-मुली रमाबाईंनी येथे आणल्या. मुक्ती सदनात शेती, विणकाम, छापखाना अशी कामे बायका करत. १८८२ च्या साक्षीत शिक्षिका ‘प्रतिष्ठित कुळातली’ हवी, अशी अट होती. जास्त पगाराचे समर्थनही त्याच प्रतिष्ठेवर बेतलेले होते. केडगावात आलेल्यांना कुळ विचारून चालणार नव्हते. रमाबाईंनी आपलीच अट येथे कृतीने मोडली आणि त्यांच्या आयुष्यातला सर्वांत मोठा बदल मला तोच वाटतो.

पण येथेच माझा आक्षेपही आहे. केडगावात रमाबाई मेजाच्या पलीकडच्या बाजूला गेल्या. त्या पत्रसंग्रहात रमाबाई बोलतात, जेराल्डिन बोलतात, बिशप बोलतात. खिळे जुळवणारी बाई बोलत नाही. एका असामान्य बाईने स्वतःसाठी अटी घालणे आणि तिच्या हाताखालच्या बाईला अटी घालता येणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिलीतून दुसरी आपोआप निघत नाही.

शिरूर-दौंडच्या उसाच्या फडात हे अजून दिसते. नवरा-बायको मिळून ‘एक कोयता’ धरला जातो. मुकादमाकडून उचल घेतो तो नवरा. बाई मोळ्या बांधते, डोक्यावरून वाहते, पण हिशेबात तिचे वेगळे नाव नसते. तिला धीटपणे बोलायला शिकवून काय होणार? ज्या हिशेबात नावच नाही, त्यात भाव कसा मागायचा? १८८२ ची साक्ष येथे उपयोगी पडते ती तिच्या क्रमामुळे: आधी मी कोण ते नोंदवा, मग माझे मोल ठरवा आणि ते तपासायला येणारे माणूस असे नेमा, ज्याच्यापुढे माझ्या तोंडून शब्द फुटेल.

रमाबाईंच्या लेखनाचे मोल ठरवताना त्यांच्या धर्माविषयी आपण पुरेसे भांडलो. त्या साक्षीतला पगाराचा परिच्छेद आपल्या अभ्यासक्रमांत आणि कामगार बायकांच्या बैठकांत वाचला जावा, एवढे आता व्हायला हवे.