नक्कल, उस्ताद आणि एक रिकामी भिंत

आपल्याकडे ‘नक्कल’ हा शब्द बहुधा हिणवण्यासाठीच वापरला जातो. दुसऱ्याचे चित्र समोर ठेवून कोणी चित्र काढले, की त्याच्यापाशी प्रतिभा नाही असा निकाल देऊन आपण मोकळे होतो. मोगल चित्रशाळेला मात्र हे मान्य झाले नसते. उस्तादाचे काम उतरवून शागिर्दाने हात तयार करायचा, ही तिथली रीतच होती. इ. स. १६०० च्या सुमारास अबुल हसन या तेरा वर्षांच्या मुलाने जर्मन चित्रकार ड्यूररच्या मुद्राचित्रातली संत जॉनची आकृती उतरवली. ते रेखाटन आज ऑक्सफर्डच्या अ‍ॅश्मोलियन संग्रहालयात आहे. पुढे जहांगीरने याच अबुल हसनला ‘नादिर-उझ-झमान’ हा किताब दिला. उलट, १६५६ च्या आसपास अ‍ॅमस्टरडॅममध्ये पन्नाशीच्या रेम्ब्रांने मोगल लघुचित्रांवरून वीसहून अधिक रेखाटने केली. त्याला नकल्या म्हणण्याची कोणाची हिंमत आहे?

तैलरंग शिकणारे आज रेम्ब्रांपेक्षा व्हर्मीरकडे अधिक वळतात. एक खोली, डावीकडे खिडकी, एखादी बाई. पाहताना हे सोपे वाटते. अमेरिकेतल्या टिम जेनिसन या तंत्रज्ञाने तर व्हर्मीरच्या ‘संगीताचा धडा’ या चित्रातली खोलीच खरोखर उभी केली आणि लहानशा आरशाच्या साहाय्याने ठिपक्याला ठिपका जुळवत चित्र पुरे केले. २०१३ साली त्यावर माहितीपट निघाला. माणूस चिकाटीचा, यात शंका नाही. टेबलावरच्या गालिच्याची वीण रंगवताना त्याचे झालेले हाल पाहून आदरच वाटतो. पण त्याने नक्कल केली ती खोलीची, चित्राची नव्हे. खोलीत जे होते ते त्याच्या चित्रात आले. खोलीतले काय टाकायचे, हा प्रश्न आरशाला पडत नाही.

तो प्रश्न ‘दूधवाली’ हे चित्र उतरवणाऱ्यापुढे उभा राहतो. जेमतेम साडेपंचेचाळीस बाय एक्केचाळीस सेंटिमीटरचे हे चित्र अ‍ॅमस्टरडॅमच्या राइक्स म्युझियममध्ये आहे. शिकणारा आधी निळ्या वस्त्रावर आणि पावावरच्या प्रकाशबिंदूंवर तुटून पडतो. तो निळा रंग म्हणजे खरा लाजवर्द, जो तेव्हा बदख्शानच्या खाणींतून येई. आज नळीतल्या कृत्रिम अल्ट्रामरीनवर बरेच भागते. अडते ते मागच्या भिंतीपाशी. भिंत पांढरी म्हणून पांढरा रंग फासला, की ती चुना दिल्यासारखी मेलेली दिसते. व्हर्मीरने शिशाच्या पांढऱ्यात अंबर आणि कोळशाचा काळा मिसळून ती रंगवली आहे. आजचा टायटॅनियम पांढरा त्याहून थंड आणि गच्च, त्यामुळे मिश्रण नव्याने शोधावे लागते. खिडकीजवळ भिंत काळवंडलेली आहे, बाईच्या पाठीमागे उजळ. तिच्या उजव्या कडेने एक बारीक पांढरी रेघही आहे. कोणत्याही खोलीत अशी रेघ दिसत नाही. आकृती भिंतीपासून सुटावी म्हणून चित्रकाराने ती ओढली. जवसाचे तेल वाळण्याची वाट पाहत दिवसचे दिवस त्या भिंतीवर काढले, म्हणजे हे कळू लागते.

२०२२ मध्ये संग्रहालयाच्या संशोधकांनी या चित्राच्या आतल्या थरांचा शोध जाहीर केला. बाईच्या डोक्यामागे आधी भिंतीवर सुरया टांगायची फळी होती, खाली उजव्या कोपऱ्यात विस्तवाची टोपली होती. व्हर्मीरने दोन्ही बुजवल्या. खिळा आणि खिळ्याचे भोक मात्र ठेवले! डाव्या हाताखाली काळ्या रंगाचा जाड, घाईचा फटकाराही सापडला. हा चित्रकार सावकाश, मोजूनमापून काम करणारा, असे आपण ऐकत आलो होतो. त्या समजाला यामुळे चांगलाच धक्का बसतो.

तेव्हा चित्रकला शिकवणाऱ्यांना एक सुचवावेसे वाटते. छापील प्रत हाती देऊन ‘हुबेहूब काढ’ म्हणण्याऐवजी या आतल्या थरांच्या प्रतिमाही विद्यार्थ्यांपुढे ठेवाव्यात. त्याने आधी ती फळी रंगवावी, सुरया टांगाव्यात, रंग वाळू द्यावा, आणि मग आपल्याच हाताने त्यावर भिंत चढवावी. दोन आठवडे जास्त लागतील, आणि पहिल्या खेपेस सुरया खालून डोकावतीलही.