गुन्हा, हास्य आणि प्रेक्षक

आल्फ्रेड हिचकॉक यांच्या १९५५ साली सुरू झालेल्या दूरचित्रवाणी-मालिकेत प्रत्येक भागाची कथा स्वतंत्र असे. रोआल्ड डाल यांच्या कथेवरील १९५८ चा एक भाग पाहावा. गर्भवती पत्नी, आपल्याला सोडून जाऊ पाहणाऱ्या पोलिस पतीस, गोठलेल्या मांसाच्या तंगडीने ठार मारते. आणि तीच तंगडी भाजून तपासास आलेल्यांस वाढते. शस्त्र शोधणारेच शस्त्र खातात! प्रेक्षक येथे हसतो, आणि ते हास्य निष्पाप नव्हे. तिने सुटावे असे त्यास मनोमन वाटत असते.

अखेरीस हिचकॉक स्वतः सांगतात, की दुसऱ्या पतीवर हाच प्रयोग करताना ती सापडली; त्याने शीतकपाटाची वीज जोडली नव्हती, मांस मऊच राहिले होते. नीतीची भरपाई झाली खरी, पण तीही थट्टेनेच.

मुंबई दूरदर्शनच्या ‘एक शून्य शून्य’ या मालिकेत गुन्ह्यामागून पोलिसांचा तपास येई. आमच्या लालबर्रा गावी हिचकॉकची ही कथा सांगितली, तरी पहिला प्रश्न हाच येतो : ‘मग ती सापडली की नाही?’ या प्रश्नास भाबडा म्हणणे मला मान्य नाही. विचारणारा क्षणापूर्वी हसलेला असतो, आणि त्या हसण्याचा हिशेब त्यास कुणाकडून तरी हवा असतो. हिचकॉक तो देण्याचा केवळ आविर्भाव करतात.