पन्नाशीचं भिंग

पन्नाशी जवळ आली की माणसाला काहीतरी होतं. आमच्या बँकेतले हेडकॅशिअर सत्तेचाळिसाव्या वर्षी बासरी शिकायला लागले आणि वर्षाच्या आत त्यांच्या खालच्या मजल्यावरच्या बिऱ्हाडाने जागा बदलली. कर्जखात्यातल्या एका गृहस्थांनी निसर्गोपचाराची कास धरली. त्यांनी आम्हा सगळ्यांना दुधी भोपळ्याचा रस पाजला. माझ्या वाट्याला कॅमेरा आला.

कॅमेरा म्हणजे हल्लीचा, बिनआरशाचा. जुन्या कॅमेऱ्याच्या पोटात एक आरसा असे. भिंगातून आलेला उजेड तो वर डोळ्याकडे पाठवी आणि फोटो काढताना 'खट्याक्' करून बाजूला होई. आता तो आरसाच काढून टाकला आहे. त्यामुळे भिंग आत सरकवता येतं. कॅननच्या जुन्या कॅमेऱ्यात भिंगाची बैठक फिल्मपासून ४४ मिलिमीटरवर असे, ती २० वर आली. निकॉनची साडेसेहेचाळीसवर होती, ती १६ वर आली. मधलं पार्टिशन पाडलं की जागा वाढते, हे चाळीत वाढलेल्या माणसाला सांगायला नको. पण जागा वाढली की माणूस मोकळा वावरत नाही, मोठं कपाट आणतो. भिंगांचं नेमकं तसंच झालं आहे. ते पुढे येईलच.

कॅमेरा घेतला तेव्हा मला वाटलं, खर्च संपला. जाणकारांनी सांगितलं, आता सुरू झाला. म्हणाले, "एक स्टँडर्ड प्राइम घ्या." प्राइम म्हणजे ज्याला झूम नाही असं भिंग. ते जवळ येत नाही, लांब जात नाही. सगळी ये-जा आपण पायांनी करायची. एकूण स्वभाव सरकारी खिडकीसारखा. आणि स्टँडर्ड म्हणजे ५० मिलिमीटरचं, किंवा त्याच्या आसपासचं. ३६ बाय २४ मिलिमीटरच्या चौकटीचा कर्ण निघतो ४३.३. त्याच्या जवळपासचं भिंग जग ना फुगवून दाखवत, ना आक्रसून. हिशेबाने ते ४३चं असायला हवं होतं. पण १९२५ साली जर्मनीत लायका कॅमेरा बाजारात आला तो ५० मिलिमीटरचं भिंग घेऊन, आणि तोच पायंडा पडला. आंरी कार्तिए-ब्रेसाँ या फ्रेंच छायाचित्रकाराचं बरंचसं आयुष्य या एका ५० वर गेलं. १९४८ साली गांधीजींच्या अंत्ययात्रेचे फोटो काढणारे ते हेच.

इथपर्यंत ठीक होतं. मग कळलं की पन्नासमध्येही पोटजाती आहेत. एफ १.८, एफ १.४ आणि एफ १.२. आकडा जितका लहान, तितकं भिंगाचं तोंड मोठं आणि किंमतही मोठी. बी.कॉम. झालेल्या माणसाला कुठलीही गोष्ट दोन रकान्यांत मांडल्याशिवाय कळत नाही. मी फूलस्केप कागद घेतला आणि मधोमध रेघ मारली.

माझा कॅमेरा कॅननचा, म्हणून प्रथम तिथलं. १.८ची लेन्स आली २०२० साली. वजन १६० ग्रॅम, बाजारात आली तेव्हाची अमेरिकेतली किंमत सुमारे २०० डॉलर, आत काचा सहा. १.२ आली २०१८ साली. वजन ९५० ग्रॅम, किंमत सुमारे २३०० डॉलर, आत काचा पंधरा. पंधरा काचा म्हणजे भिंग नव्हे, समिती! आता मिळकतीचा रकाना. १.२ मधून १.८च्या सव्वादोन पट उजेड आत येतो. म्हणजे साडेअकरा पट पैसे भरायचे, सहा पट ओझं वाहायचं आणि पदरात सव्वादोन पट उजेड. असा कर्जाचा प्रस्ताव घेऊन कुणी माझ्या टेबलाशी आला असता, तर मी त्याला चहा पाजून घरी पाठवला असता.

मधली १.४ ही २०२४ सालची. ५८० ग्रॅम, सुमारे १४०० डॉलर. थोडक्यात, आमच्या बँकेसारखीच उतरंड आहे. १.८ हा क्लार्क, १.४ हा ऑफिसर आणि १.२ म्हणजे जनरल मॅनेजर. तो दिसतो भव्य आणि त्याला हलवायला दोन माणसं लागतात.

निकॉनकडे मात्र मला एक फार ओळखीचा प्रकार सापडला. त्यांची २०१८ सालची १.८ तब्बल बारा काचांची, ४१५ ग्रॅमची आणि ६०० डॉलरची. २०२४ साली त्यांनी १.४ काढली, ती ५०० डॉलरला! म्हणजे हुद्दा वरचा आणि पगार कमी. आमच्याकडे प्रमोशन घेऊन दूरच्या शाखेत गेलेल्यांचा असाच चेहरा होतो. पण यात कंपनीची चूक नाही. निकॉनची १.८ कडेपर्यंत काटेकोर चित्र देण्यासाठी बांधलेली आहे, १.४चा भर उजेड आणि मऊपणावर आहे. हुद्द्यावरून माणूस आणि आकड्यावरून भिंग ओळखू नये, हा धडा मी तिथे घेतला. त्यांचा जनरल मॅनेजर १०९० ग्रॅमचा आहे. सोनीचा १.२ (२०२१) त्या मानाने सडपातळ, ७७८ ग्रॅमचा. आणि त्यांचा क्लार्क (२०१६) १८६ ग्रॅमचा. फुजीच्या कॅमेऱ्याची चौकट लहान, म्हणून तिथे ३५लाच पन्नासचा मान आहे. ते भिंग १८७ ग्रॅमचं. सगळीकडे क्लार्क हलका. मला बरं वाटलं.

मग मी समीक्षा वाचायला लागलो. लेन्सचे समीक्षक फोटो कसले काढतात, तर विटांच्या भिंतीचे. मग त्या फोटोचा कोपरा मोठा करून बघतात आणि सुस्कारा टाकतात. "कोपरे मऊ आहेत." माझ्या १.८बद्दल सगळ्यांचं हेच मत : पूर्ण उघडी ठेवली की मध्य चांगला, कोपरे मऊ, तोंड जरा बारीक करून एफ ४ वर आणली की सुधारते. मी म्हटलं, कोपऱ्यात कोण असतं? माझ्या ओळखीतलं कुणी फोटोच्या कोपऱ्यात उभं राहत नाही.

दुसरा त्यांचा लाडका शब्द 'बोके'. आपला नव्हे, जपानी. चेहऱ्यामागचा भाग पुसट होतो, त्या पुसटपणाचं हे नाव. कुणाचा बोके लोण्यासारखा, कुणाचा कांद्याच्या चकत्यांसारखा. पुढे कळलं की जपानीत हाच शब्द म्हातारपणी बुद्धीवर येणाऱ्या पुसटपणालाही वापरतात. हे मी अण्णांना सांगितलं नाही.

अण्णा म्हणजे माझे वडील. वय ८१. खरं तर या सगळ्या उठाठेवीचं कारण तेच. पण ते मी फूलस्केपवर लिहिलेलं नव्हतं.

अण्णांकडे याशिका इलेक्ट्रो ३५ होता. मामांनी आखातातून आणलेला. भिंग ४५ मिलिमीटरचं, कॅमेऱ्याला कायमचं जोडलेलं. एका रोलमध्ये छत्तीस फोटो, आणि ते दोन दिवाळ्या पुरवायचे. त्यामुळे अण्णा फोटो काढत तो मुहूर्त बघून. "श्वास धर" म्हणत, आणि मग इतका वेळ लावत की आम्ही निळे पडायचो. त्या काळी फिल्म १०० नाहीतर ४०० संवेदनशीलतेची. घरात ट्यूबलाइटच्या उजेडात भिंगाचा एकेक अंश कामाचा होता. आजच्या कॅमेऱ्यात ६४००लाही फोटो बरा येतो. १.८ आणि १.२ मधली लढाई निम्मी तिथेच संपते. ज्याला अंधाऱ्या मंगल कार्यालयात पोटासाठी फोटो काढायचे आहेत, त्याची गोष्ट वेगळी. माझा भाचा लग्नाचे फोटो काढतो, त्याची १.२ तिची किंमत दर सिझनला वसूल करते. त्याने ट्रक घेतला म्हणून मी भाजी आणायला ट्रक घ्यायचं कारण नाही.

चार वर्षांपूर्वी आई गेली. दहाव्याच्या आधी तिचा फोटो हवा होता. मोबाइलमध्ये पुष्कळ होते, पण सगळ्यांत ती पाठमोरी, नाहीतर तोंडासमोर हात धरून "अरे, माझा कशाला?" म्हणणारी. शेवटी सापडला तो १९८७ सालचा, माझ्या मुंजीतला. मधोमध मी गोटा करून बसलेला, भोवती सव्वीस माणसं, आणि अगदी उजव्या कोपऱ्यात, आतून पंगतीचं बघून नुकतीच आलेली, पदराला हात पुसणारी आई. स्टुडिओवाल्याने तेवढा तुकडा कापून मोठा केला. आज तो भिंतीवर आहे. चेहरा पुसट आहे आणि तिच्या खांद्याशी मोठ्या काकूंच्या पाटल्यांचा हात आहे.

म्हणून समीक्षकांची मी मनातल्या मनात माफी मागितली. कोपऱ्यात कोण असतं, ते मला माहीत होतं.

एका शनिवारी मी १.२ भाड्याने आणली. दुकानदाराने डिपॉझिट घेतलं, आधार कार्डाची प्रत घेतली, आणि लेन्स माझ्या हातात देताना मुलगी सासरी पाठवणाऱ्या बापासारखा चेहरा केला. अण्णा खिडकीशी पेपर वाचत होते. मी समोर उभा राहिलो. कॅमेरा आणि लेन्स मिळून दीड किलोच्या घरात, पुढचं भिंग वाटीएवढं. अण्णांनी पेपर खाली केला आणि एक्स-रे काढायला बसल्यासारखे ताठ झाले. तो ताठपणा फोटोत उतरला. शिवाय एफ १.२ वर, मीटरभर अंतरावरून, जेमतेम तीन सेंटिमीटर खोलीचा पट्टा स्पष्ट येतो. त्यामुळे अण्णांचा अलीकडचा डोळा पापणीच्या केसासकट लख्ख आणि पलीकडचा धुक्यात. मी मोठ्या कौतुकाने त्यांना दाखवला. त्यांनी चष्मा कपाळावर नेऊन नीट पाहिला.

"याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय," पलीकडच्या डोळ्यावर बोट ठेवून ते म्हणाले, "पैसे मीच भरले होते. तू परत घालवलास!"

हा दोष भिंगाचा नव्हे. त्याचं तोंड बारीक करता येतं. कडेपर्यंत स्वच्छ चित्र, धूळ-पाण्यापासून बंदोबस्त, रेशमी पुसटपणा, सगळं त्यात आहे. पण साडेनऊशे ग्रॅमचं भिंग समोर आलं की समोरच्याला आपण महत्त्वाचे आहोत असं वाटतं, आणि आमच्या घरात तसं वाटून घ्यायची कुणाला सवय नाही.

सोमवारी लेन्स परत केली आणि १.८ विकत घेतली. डबी उघडली. हुड नाही. तो वेगळा घ्यावा लागतो, चटणीचे पैसे निराळे असावेत तसा. फोकस करताना पुढची नळी जरा बाहेर येते, परत आत जाते. पावसापासून संरक्षण नाही. पण खिशात मावते, आणि कॅमेरा टीपॉयवर पडून राहिला तरी घरात पाहुणा आल्यासारखं वाटत नाही.

पुढच्या रविवारी अण्णा पुन्हा खिडकीशी. मी कॅमेरा उचलला. त्यांनी पेपरातून वरही पाहिलं नाही. म्हणाले, "कशासाठी काढतोयस, ते कळतं मला."

मी काही बोललो नाही.

"म्हणजे काढ. पण दाढी करून येतो. कोपऱ्यातून कापून काढलेला नको मला."

दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून ते बसले. एफ ४, खिडकीचा उजेड, दोन्ही डोळे स्पष्ट. ऑपरेशनचे पैसे वसूल झाले. फोटो चांगला आला. मला काढता येतो त्याहून चांगला आला.

मग त्यांनी हात पुढे केला. "बघू."

मी कॅमेरा दिला. त्यांचे हात हल्ली थरथरतात. तो दीड किलोचा ऐवज त्यांना पेललाच नसता. हा पेलला. त्यांनी तो डोळ्याला लावला, आणि माझ्या लक्षात आलं की आमच्या घरातल्या इतक्या फोटोंत अण्णा का नाहीत. ते सगळ्या फोटोंत याच जागी होते. सवयीने त्यांनी भिंगाची कडी फिरवून पाहिली. "मोठं होत नाही हे?"

"नाही, अण्णा. आपणच जायचं पुढे."

ते उठले. एका हाताने खुर्ची धरून दोन पावलं पुढे आले. थांबले. आणखी एक पाऊल आले.

"श्वास धर," ते म्हणाले.

मी धरला. नेहमीप्रमाणे त्यांनी भरपूर वेळ लावला. फोटो किंचित तिरका आला आहे, चारही कोपरे मऊ आहेत, आणि मी निळा पडायच्या बेतात आहे. फूलस्केपवरच्या हिशेबात निकाल कधीच लागला होता. तरी मी त्या दिवशी तो कागद फाडून टाकला.

कॅमेरा माझ्या हातात देताना अण्णांनी विचारलं, "अजून किती शिल्लक आहेत?"

"पुष्कळ आहेत, अण्णा," मी म्हणालो. "रोल नसतो आता याला."