कोरं गावठाण : इंदापूर-बारामतीच्या हरवलेल्या गल्ल्या

जुना नकाशा घ्यायचा, संगणकावर आजच्या उपग्रह-चित्रावर बसवायचा, शेजारी एक जुना फोटो लावायचा आणि म्हणायचं, 'ही बघा हरवलेली गल्ली.' असं काम सध्या उत्साहाने चाललंय. उत्साहाबद्दल आमची तक्रार नाही. आक्षेप एवढाच की, कागद कशासाठी तयार झाला हे न विचारताच त्याला साक्षीला उभं केलं जातं.

इंदापूरचंच घ्या. मुंबई इलाख्यात पुढे रूढ झालेली जमीनमोजणीची पद्धत याच तालुक्यात आकाराला आली. प्रिंगल यांची मोजणी फसल्यावर १८३५मध्ये गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी इथे नव्याने काम सुरू केलं; १८३६पासून तीस वर्षांसाठी सारा ठरला. तेहतीस फुटांची साखळी, चाळीस गुंठ्यांचा एकर. शेत न् शेत मोजलं गेलं. मग गल्ल्या कुठे आहेत? नाहीत! सारा शेतावर होता, घरांच्या दाटीवर नव्हता. त्यामुळे गावनकाशात गावठाण म्हणजे शेतांच्या गर्दीतला एक कोरा तुकडा. तो कोरा दिसतो म्हणून तिथे काही नव्हतं असं नाही. तिथे वसुली नव्हती.

सर्व्हे ऑफ इंडियाच्या एक इंचाला एक मैल या पत्रकांचंही तसंच. दहा फुटी गल्ली त्या प्रमाणात मिलिमीटरचा विसावा भाग भरते. ती काढणार कशी? तिथे दिसतो तो वस्तीचा ठिपका आणि गावाबाहेरचे रस्ते. शोधणाऱ्याने आणखी दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. ७५ अंश रेखावृत्त इंदापूर शहराच्या थोडं पश्चिमेला पडतं, म्हणून बारामती ४७ जे या गटात आणि इंदापूर शहर ४७ एन मध्ये आहे. आणि १८८५च्या पुणे गॅझेटियरमध्ये बारामती तालुका शोधू नका. बारामती तेव्हा भीमथडी तालुक्यात होती.

फोटो तरी खरं बोलतो ना? बोलतो, पण जे दाखवायचं होतं तेवढंच. १९८०मध्ये उजनी धरण पूर्ण झालं आणि भीमाकाठची इंदापूर तालुक्यातली गावं पाण्याखाली गेली. दुष्काळात पाणी ओसरलं की जुनं पळसदेवचं मंदिर उघडं पडतं आणि कॅमेरे तिकडे धावतात. शिखराचे फोटो ढिगाने आहेत. आजूबाजूच्या जोत्यांकडे, दगडी पायऱ्यांकडे कोण बघतं? दोन जोत्यांच्या ओळींमधली मोकळी पट्टी हीच तर गल्ली! फोटोतलं देऊळ बाजूला ठेवून त्याच्या कडा वाचायला हव्यात.

मग मदत कुठे मिळेल? जुन्या खरेदीखतात. घराची चतुःसीमा लिहिताना पूर्वेस कोणाचं घर, दक्षिणेस कोणता बोळ, हे लिहावंच लागे. अशी दहा खतं एकमेकांना जोडली की कोऱ्या तुकड्यात गल्ली उमटू लागते. धरणासाठी घरं गेली, तेव्हाचे भूसंपादनाचे कागदही पाहावेत. अमेरिकेच्या कोरोना या हेरगिरी उपग्रहांनी १९६० ते १९७२ या काळात काढलेली चित्रं १९९५मध्ये खुली झाली; म्हणजे ती उजनीच्या आधीची. आपल्या गावाचं स्वच्छ चित्र मिळालं, तर घरांच्या ओळी पडताळता येतात. बारामतीत गल्ल्या पाण्याने नव्हे, रस्तारुंदीने आणि नव्या बांधकामाने पुसल्या जातात. पण चतुःसीमेची युक्ती तिथेही तीच.

आता खरा प्रश्न. कोणाची गल्ली शोधतो आहोत आपण? वेशीपासून देवळापर्यंतची वाट लोक हौसेने आखतात. गावकुसाबाहेरच्या वस्त्यांची वाट कोण आखणार? त्यांचे फोटो कमी आणि खतंही कमी. डिसेंबर २०२०मध्ये राज्य सरकारने वस्त्यांची जातिवाचक नावं बदलण्याचा निर्णय घेतला, ते योग्यच झालं. पण आपल्या आराखड्यातून नावाबरोबर वस्तीच गळाली, तर सारा ठरवणाऱ्या नकाशाची चूक आपणही पुन्हा केली असं होईल.

म्हणून आमचं म्हणणं साधं आहे. नकाशा-फोटोचा थर लावण्याआधी एका कोऱ्या कागदावर गावठाण काढा आणि धरणाआधीचं गाव पाहिलेल्यांसमोर ठेवा. १९८०मध्ये विशीत असलेली माणसं आज साठी-पासष्टी ओलांडून गेली आहेत. सुरुवात देवळापासून नको. पाणी कुठून भरायचात, तिथून करा. प्रत्येक वस्तीतल्या माणसाला विचारा. रेघा जुळणार नाहीत, भांडणं होतील. ती भांडणंही आराखड्यावर लिहून ठेवा.