श्रवणाचा क्रम : पॉडकास्टच्या अॅपची एक चिकित्सा

नभोवाणीच्या काळात श्रोत्याला वेळेचे बंधन होते. निवडीचा भार मात्र नव्हता. १९५६ साली युनेस्कोच्या साहाय्याने आकाशवाणीच्या पुणे केंद्राने सुमारे १५० खेड्यांत शेतकऱ्यांची श्रवणमंडळे चालविली. ठरल्या वेळी मंडळी जमत, कार्यक्रम ऐकत व त्यावर चर्चा करीत. पॉडकास्टने वेळेचे हे बंधन नाहीसे केले. 'आयपॉड' आणि 'ब्रॉडकास्ट' ह्यांच्या संयोगाने बेन हॅमर्स्ली ह्यांनी २००४ साली सुचविलेला हा शब्द रूढ झाला, आणि श्रवणाची व्यवस्था श्रोत्याच्या मोबाइलमधील अॅपकडे आली. ही व्यवस्था मराठी श्रवणपरंपरेस कितपत मानवते, हे पाहणे अगत्याचे आहे.

प्रथम परिभाषेचा विचार करू जाता, 'सबस्क्राइब' ह्या शब्दाने पैसे भरावयाचे आहेत असा ग्रह होतो. अॅपलने २०२१ साली त्याजागी 'फॉलो' हा शब्द योजिला. मराठीत 'वर्गणीदार' म्हटले असता हाच घोटाळा अधिकच होईल. कारण वर्गणी म्हणजे द्रव्यच होय.

याहून महत्त्वाचा प्रश्न क्रमाचा आहे. सोनारी (ता. परंडा, जि. धाराशिव) हे काळभैरवनाथाचे क्षेत्र. अशा गावच्या भाविकाला 'पोथी लावणे' ह्या प्रयोगाचा अर्थ सांगावा लागत नाही. दिवा लावतात, रेडिओ लावतात, मोबाइलवर गाणेही लावतात. परंतु पोथी लावली म्हणजे ती पहिल्या अध्यायापासून क्रमाने वाचून समाप्तीस नेण्याचे वचन दिले. क्रियापद एकच, तरी एका प्रयोगात क्षणाची कृती आहे, दुसऱ्यात सातत्याचा संकल्प आहे. बहुतेक अॅपे नवा भाग आधी दाखवितात. बातमीस हा क्रम योग्य. क्रमशः कथेस वा व्याख्यानमालेस तो घातक. क्रम उलटविण्याची सोय असते, परंतु ती शोधावी लागते. आणि जे शोधावे लागते ते नवशिक्या श्रोत्याच्या दृष्टीने नसल्यासारखेच.

तिसरा आक्षेप विरामासंबंधी आहे. कित्येक अॅपांत बोलण्यातील शांतता गाळण्याची सोय असते. पण विराम ही रिकामी जागा नव्हे. तो वाक्याची सीमा दाखवितो. कीर्तनात पूर्वरंगातील सिद्धान्त श्रोत्याच्या मनात उतरावयास अवसर देतो. तो गाळल्याने वेळ वाचतो, अर्थ मात्र उणावतो.

गुणांचा उल्लेख न करणे अन्यायाचे होईल. भाग आधी उतरवून घेतला तर रेंज नसलेल्या शिवारातही तो ऐकता येतो. जेथे थांबले तेथूनच पुढे चालू होते. २०१२ पासूनच्या 'अँटेनापॉड' ह्या मुक्तस्रोत अॅपात खाते न उघडता श्रोता स्वतः रांग लावू शकतो आणि आपली यादी फाइलरूपाने बाहेर काढू शकतो. हा गुण किरकोळ नव्हे. २०२४ साली 'गूगल पॉडकास्ट्स' बंद झाले, तेव्हा अशा यादीचे मोल कळून आले.

तात्पर्य, अॅपची परीक्षा त्यात किती भाग साठतात ह्यावरून करणे युक्त नाही. साठा वाढतो आणि श्रवण राहून जाते, हा अनुभव सार्वत्रिक आहे. लावलेले समाप्तीस नेण्यास जे साह्य करते, तेच श्रवणाचे खरे साधन होय. श्रवणमंडळाला वेळ ठरवून मिळत असे. आजच्या श्रोत्याला ती स्वतःच ठरवावी लागते, आणि ते काम कोणतेही अॅप त्याच्यावतीने करू शकत नाही.